तांबं परत येतं, गॅस येत नाही

जुना फ्रिज कायमचा बंद पडला की आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. भंगारवाला दारात येतो, तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर घेऊन उतरवतो आणि वर चार पैसे हातावर ठेवतो. जपानमध्ये हाच फ्रिज टाकायचा तर मालकाला काही हजार येन स्वतः मोजावे लागतात. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्यासाठी तिथे एप्रिल २००१ पासून तसा कायदाच लागू आहे. स्वित्झर्लंडमध्ये हे पैसे वस्तू विकत घेतानाच बिलात धरले जातात. तेव्हा जुन्या उपकरणांबद्दल लिहिताना ‘आपल्याकडे जागृती नाही’ या ठरलेल्या वाक्यानं सुरुवात करण्यात अर्थ नाही. जागृती नसतानाही आपलं उपकरण कचराकुंडीत जात नाही, कारण त्यात तांबं असतं.

लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, कडक प्लॅस्टिक यांचंही तसंच. भाव असलेली प्रत्येक गोष्ट आपल्या भंगार बाजारात कुठल्याही कायद्याशिवाय वेगळी होते आणि भट्टीपर्यंत पोचते. अडतं ते भाव नसलेल्या मालापाशी. फ्रिज-एसीतला गॅस, फ्रिजच्या भिंतीतला फोम, जुन्या टीव्हीची शिसेयुक्त काच, ट्यूबलाइटमधला पारा, काळपट झालेलं कंप्रेसरचं तेल यांना गिऱ्हाईक नाही. म्हणून ते परत येत नाहीत. उपकरण जिथे फुटतं तिथल्याच हवेत, गटारात आणि फोडणाऱ्याच्या छातीत ते मुक्काम करतात. या बिनभावाच्या मालाचा खर्च कुणी सोसायचा, हा जबाबदार पुनर्वापराचा खरा प्रश्न आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले आपले कायदे, कंपन्यांचे एक्स्चेंज मेळे, शहरांतल्या संकलन मोहिमा या सगळ्यांना इथे तोच एक प्रश्न विचारला आहे.

फ्रिजच्या पोटातलं

फ्रिजपासून सुरुवात करू, कारण घरातल्या वस्तूंमध्ये सर्वांत फसवी तीच. दिसायला पत्रा आणि प्लॅस्टिक, मागे कंप्रेसर आणि जाळी. भंगाराच्या दुकानात पहिला घाव कंप्रेसरच्या नळीवर पडतो. फुस्स आवाज होतो, क्षणभर धुकं दिसतं, संपलं. कंप्रेसरचा डबा कटरनं कापून आतली मोटर काढतात, वाइंडिंगचं तांबं सोडवतात, तेल जमिनीवर सांडतं. पत्रा सोलून घेतात. उरतो तो पिवळट फोम, ज्याला धंद्यात ‘पफ’ म्हणतात. तो वजनाला हलका आणि जागा खाणारा. त्याला कोणी हात लावत नाही. तो उघड्यावर टाकतात किंवा जाळतात.

ज्या धुक्याची गोष्ट इतक्या चटकन संपली त्याचा हिशेब मोठा आहे. आपल्याकडच्या जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन होता. ओझोन थराला भोक पाडणारा तो हाच. शंभर वर्षांच्या मोजमापात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. १९८७च्या माँट्रियल करारानंतर भारतानं नवीन फ्रिजमध्ये त्याचा वापर २००३ पासून बंद केला आणि ऑगस्ट २००८ मध्ये त्याचं उत्पादनही थांबवलं, तेही ठरलेल्या मुदतीच्या आधी. त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला तो निरुपद्रवी, पण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट. आताच्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तापमानवाढीच्या दृष्टीनं तो नगण्य आहे. मात्र तो ज्वलनशील आहे आणि कटर चालवणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं.

नळीतला गॅस निदान लोकांना ठाऊक असतो. फोममधला कुणाच्या गावीही नसतो. फोम फुगवण्यासाठी पूर्वी सीएफसी-११ वापरत, नंतर एचसीएफसी-१४१बी. जुन्या फ्रिजमध्ये नळीत होता त्याहून जास्त ओझोनमारक गॅस या फोमच्या बारीक पेशींत अडकलेला असे. १४१बीचा वापर भारतानं १ जानेवारी २०२० पासून बंद केला. गोदरेजसारख्या कंपनीनं हायड्रोकार्बनचा मार्ग बराच आधी धरला होता, पण सगळ्यांनी नाही. म्हणजे आज दहा-पंधरा वर्षं वापरून मोडीत निघणाऱ्या अनेक फ्रिजच्या भिंतींत तो गॅस अजून आहे आणि फोम फुटेल तसा तो बाहेर पडणार आहे.

योग्य कारखान्यात हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी कंप्रेसरला भोक पाडून गॅस आणि तेल एकत्र ओढून घेतात, तेल तापवून त्यात विरघळलेला गॅसही काढतात आणि तो टाकीत भरतात. मग उरलेला फ्रिज बंदिस्त यंत्रात, आग लागू नये म्हणून नायट्रोजनच्या वातावरणात चुरतात. फोममधून सुटलेला गॅस तिथेच थंड करून किंवा कोळशाच्या गाळणीत पकडतात. त्यानंतर चुंबकानं लोखंड, फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं तांबं-अ‍ॅल्युमिनियम आणि घनतेनुसार प्लॅस्टिक वेगळं होतं. पहिला टप्पा स्वस्त नाही आणि दुसरा तर बराच महाग आहे. शिवाय दोन्ही टप्प्यांत जे हाती लागतं ते विकण्याजोगं नसून नष्ट करण्याजोगं असतं. ज्याला नष्ट करायला पैसे लागतात ते फुकट हवेत सोडता येत असेल, तर प्रामाणिक कारखानदार फ्रिजला भंगारवाल्याइतका भाव देऊच शकत नाही. या क्षेत्रातली बहुतेक सगळी दुखणी या एका हिशेबातून निघतात.

एसीचं प्रकरण त्याहून वाईट, कारण त्यात गॅस जास्त. दीड टनाच्या यंत्रात साधारण एक किलो. तो आर-४१०ए असेल तर एक किलो गॅस सोडणं म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडणं. सरासरी भारतीय माणसाच्या नावावर वर्षभरात साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड जमा होतो. जुन्या आर-२२चा आकडा किलोला अठराशेच्या आसपास, नव्या आर-३२चा पावणेसातशे. आणि एसीचा गॅस सोडायला भंगाराच्या दुकानापर्यंत जावंच लागत नाही. घर बदलताना, गॅस ‘टॉप-अप’ करताना, नवीन यंत्र बसवताना मेकॅनिक खिडकीत उभा राहून नट सैल करतो. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेण्याची पद्धत प्रत्येक मेकॅनिकला येते. ‘पंप डाउन’ म्हणतात तिला आणि तिला काही मिनिटं लागतात. ती काही मिनिटं वाचवली जातात, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

काचेचा डोंगर

माळ्यावर अजून एखादा पोट सुटलेला टीव्ही असेल तर तो जपून उतरवा. त्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वीस टक्क्यांहून अधिक शिशाचं ऑक्साइड असतं. पाहणाऱ्याला क्ष-किरणांपासून वाचवायला ते घातलेलं असे. एका टीव्हीत किलो-दोन किलो शिसं, मोठ्यात त्याहून जास्त. ही काच पूर्वी वितळवून नव्या पिक्चर ट्यूबमध्ये वापरत. पडदे सपाट झाले, नव्या ट्यूब बनेनाशा झाल्या आणि या काचेचं एकमेव गिऱ्हाईक नाहीसं झालं. आता भंगारात फक्त ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल काढतात. त्यासाठी मान तोडतात आणि काच टाकून देतात.

तमिळनाडूत २००६ ते २०११ या काळात सरकारनं दीड कोटीहून अधिक रंगीत टीव्ही फुकट वाटले. एवढ्या काचेचं पुढे काय करायचं, हा विचार त्या योजनेत नव्हता. आपल्याकडे मराठवाड्यात टीव्ही-फ्रिजचा मोठा उद्योग व्हिडिओकॉननं उभा केला, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिची लाखो यंत्रं महाराष्ट्रातल्या घरांत आहेत. ‘ज्यानं बनवलं त्यानं परत घ्यावं’ हे तत्त्व ऐकायला न्याय्य आहे, पण बनवणाराच उरला नाही तर? नियमांच्या भाषेत अशा वस्तूंना अनाथ म्हणतात. सध्याच्या पद्धतीत कंपनीवरचं बंधन ब्रँडचं नसून वजनाचं आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या खात्यावर अनाथ फ्रिज चालून जातो. टीव्हीच्या काचेला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण हिशेब धातूंचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. पहिल्या पिढीच्या सपाट एलसीडी टीव्हीत पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असत, एलईडी आल्यावर त्या गेल्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा आहेच. मायक्रोवेव्हमध्ये उच्च दाबाचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो झटका देऊ शकतो, म्हणून तो घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये. वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखा, इस्त्री, गिझर ही मंडळी तुलनेनं सज्जन. त्यांच्यात बहुतेक धातूच असतो आणि त्यांचं मुख्य पाप म्हणजे तारांवरचं पीव्हीसी जाळून तांबं काढणं. पुढून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनमध्ये थरथर थांबवायला काँक्रीटचा ठोकळा असतो. भंगारवाला तो तुमच्याच दारात काढून टाकतो, यावरून बिनभावाच्या मालाचं गणित त्याला किती पाठ आहे ते कळतं.

नियम आणि त्यांतली फट

भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये निघाले आणि मे २०१२ पासून लागू झाले. तेव्हाच उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे सगळे ज्याला ईपीआर म्हणतात ती, आली. २०१६च्या नियमांनी ती आकड्यांत बांधली. त्या यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या. बरेचसे प्रकार संगणक, फोन यांचे आणि घरगुती म्हणावेत असे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी आणि पाऱ्याचे दिवे एवढेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यादी २१ वरून १०६ वर गेली आणि इस्त्री, टोस्टर, व्हॅक्युम क्लीनरही तीत आले. कंपनीनं किती वजनाचा पुनर्वापर करून घ्यायचा त्याची उद्दिष्टं पहिली दोन वर्षं ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

यंत्रणा अशी: नोंदणीकृत रिसायकलर माल फोडतो, त्यातून मिळालेल्या धातूच्या हिशेबानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याला प्रमाणपत्रं मिळतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपलं उद्दिष्ट पुरं करतात. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. ज्या खर्चाला आजवर धनी नव्हता त्याला तिनं धनी मिळवून दिला. पण प्रमाणपत्र कशावर? सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. म्हणजे जे कायद्याशिवायही परत येत होतं नेमकं तेच मोजायचं ठरलं. फ्रिजमध्ये सोनं जवळजवळ नसतंच. किती गॅस पकडला, किती फोम बंदिस्त यंत्रात चुरला, किती शिसेयुक्त काच सुरक्षित ठेवली, यांवर प्रमाणपत्र नाही. जुलै २०२३च्या दुरुस्तीनं गॅसच्या सुरक्षित हाताळणीचं कलम घातलं हे खरं. पण ज्या कामावर रिसायकलरची कमाई ठरते त्या मोजमापात गॅस आलेला नाही. रिसायकलरनं गॅस सोडून दिला आणि तांबं काढलं, तरी त्याच्या प्रमाणपत्राचं वजन घटत नाही. माझ्या मते २०२२च्या नियमांतली ही सर्वांत मोठी फट आहे आणि घरगुती उपकरणांच्या बाबतीत ती सर्वांत महाग पडते. मोबाइल-संगणकांचा विचार करून आखलेली चौकट फ्रिजवर चढवली की असं होतं.

त्या चौकटीत आणखी एक गंमत आहे. इन्व्हर्टर एसीच्या अनेक कंप्रेसरमध्ये निओडिमियमची चुंबकं असतात. २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदा चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा आपल्या मोटार उद्योगाची धांदल उडाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. एका हातानं असं प्रोत्साहन आणि दुसऱ्या हातातल्या प्रमाणपत्राच्या यादीत निओडिमियम नाही.

प्रमाणपत्राच्या भावावरून तर न्यायालयापर्यंत गोष्ट गेली. खुल्या बाजारात भाव इतका पडला की खरोखर माल गोळा करणाऱ्याला तो परवडेना. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं किमान दर ठरवला, घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये. त्यावर डायकिन, एलजी, सॅमसंग यांसारख्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. दर सरकारनं ठरवू नये, याचा बोजा शेवटी ग्राहकावर येणार आणि असंघटित धंद्यावर लगाम न घालता फक्त आमच्याकडून पैसे काढणं अन्यायाचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण पन्नास किलोच्या फ्रिजला २२ रुपयांच्या दरानं अकराशे रुपये होतात, तेही पूर्ण वजन धरलं तर. गॅस आणि फोम नीट हाताळून वर मालकाला भंगारवाल्याच्या तोडीचा भाव द्यायचा असेल तर एवढी रक्कम लागतेच. त्याहून स्वस्त प्रमाणपत्र मिळत असेल तर त्यामागे काम झालेलं नाही, असंच समजावं. प्लॅस्टिकच्या ईपीआरमध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं मंडळाच्याच तपासणीत सापडली होती. तेव्हा ही शंका हवेतली नाही.

देशात नेमका किती ई-कचरा होतो यावरही एकमत नाही. केंद्रीय मंडळाच्या हिशेबानं २०२१-२२ मध्ये १६ लाख टन निघाला आणि त्यातल्या सव्वापाच लाख टनांवर अधिकृत प्रक्रिया झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा जागतिक अहवाल २०२२ साठी भारताचा आकडा ४१ लाख टन देतो. मंडळानं २१ प्रकार मोजले, अहवालानं जवळजवळ प्लगवाली प्रत्येक वस्तू. दोन्ही आकडे विक्री आणि सरासरी आयुष्य यांवरून बांधलेले अंदाज आहेत, वजनकाट्यावरचे नाहीत. त्याच अहवालानुसार जगभरात ६ कोटी २० लाख टनांपैकी २२.३ टक्क्यांच्याच रीतसर संकलनाची नोंद आहे. तेव्हा आपण एकटेच मागे आहोत असं नाही.

घरगुती ग्राहक या सगळ्यात कुठे आहे? २०१६च्या नियमांत त्याच्यावरही जबाबदारी होती. वस्तू घेताना अनामत रक्कम ठेवायची आणि परत करताना ती मिळवायची, अशी योजनाही सुचवली होती. ती ऐच्छिक असल्यानं कुणी फारशी चालवली नाही. २०२२च्या नियमांत जबाबदारी उरली ती वर्षात हजार किंवा जास्त नग वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांची. तुमच्या-माझ्या फ्रिजबद्दल कायदा आपल्याला काही सांगत नाही. अनामत योजना सक्तीची करावी असं मला अजूनही वाटतं. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी फेकत नाही, कारण नवी घेताना तिचे पैसे वळते होतात. फ्रिजलाही तेवढंच लागतं.

भंगारवाल्याला वगळून कसं चालेल

या विषयावरच्या बऱ्याच लेखांत भंगारवाला खलनायक असतो. दारोदार फिरून, पायऱ्या उतरून, हातगाडीवर लादून एकेक नग गोळा करणं हे या साखळीतलं सर्वांत अवघड काम आहे आणि ते त्याच्याइतकं स्वस्तात कुठलीही कंपनी करू शकलेली नाही. रिसायकलरचा टेम्पो एका फ्रिजसाठी कोथरूडहून रांजणगावला गेला तर डिझेलचेही पैसे निघत नाहीत. गोळा करण्यात भंगारवाल्याची चूक नाही. चूक पुढे, फोडण्याच्या जागी होते आणि ती जागा बहुधा दुसऱ्याच कुणाची असते. मुंबईत कुर्ला आणि धारावी, पुण्याजवळ चिखली-कुदळवाडी, दिल्लीत सीलमपूर, मुरादाबादला रामगंगेचा काठ ही नावं या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत.

कुदळवाडीचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या भंगाराच्या गोदामांना वारंवार आगी लागत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. बेकायदा बांधकामं पाडण्याबद्दल वाद नाही. पण भंगार निर्माण करणारी शहरं तीच, माल तोच आणि तो फोडणारे हातही तेच. असा धंदा बंद होत नसतो, पुढच्या गावच्या शिवारात सरकतो. २०२२च्या नियमांनी राज्य सरकारांना ई-कचऱ्याच्या कामासाठी औद्योगिक वसाहतींत जागा राखून ठेवायला आणि तिथल्या कामगारांच्या प्रशिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. पाडापाडीच्या आधी ती जागा तयार असती तर त्या कारवाईला काही अर्थ आला असता.

दुसरी वाट पुण्यानंच दाखवली आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेनं तिच्याशी घरोघरच्या संकलनाचा करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतेक बायका, हे काम करतात आणि मोठ्या जुन्या वस्तू व ई-कचरा उचलण्याची सेवाही संस्था देते. यातून विभागणी स्पष्ट होते: गोळा करणं कष्टकऱ्यांकडे, फोडणं नोंदणीकृत कारखान्याकडे, आणि मधला वाहतुकीचा व भावाचा फरक कंपनीच्या ईपीआरच्या पैशातून. २०२२च्या नियमांत नोंदणीसाठी चार घटक आहेत: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि रिसायकलर. गोळा करणाऱ्याला त्यात स्वतंत्र जागा नाही. ती दिली तर ‘असंघटित’ या शब्दाआड दडलेल्या माणसांना भाव मिळेल आणि मालही योग्य दारी जाईल.

मोडीत काढण्याआधी

पुनर्वापराच्या आधी दुरुस्ती येते, हे सांगायला मराठी वाचकाला कुणी नको. मिक्सरची मोटर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर अजून प्रत्येक पेठेत आहेत. अडचण नव्या यंत्रांत आहे. वॉशिंग मशीनचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला की तो दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात आणि त्याची किंमत ऐकून माणूस नव्याकडे वळतो. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला मिळाव्यात म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर ‘दुरुस्तीचा अधिकार’ नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांनी माहिती देणं अजून बंधनकारक नाही. फ्रान्सनं जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे वीजबचतीचे तारे पाहून फ्रिज घेण्याची सवय लागली, तशी याचीही लागेल.

मात्र जुनं ते चालवतच राहावं असंही नाही. तारांकन सक्तीचं होण्याआधीचा, २०१० पूर्वीचा फ्रिज सहसा नव्यापेक्षा बराच जास्त वीज खातो. नवा आणल्यावर जुना गॅलरीत ‘पाण्यासाठी’ चालू ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिच्यात विजेचं बिल आणि कार्बन दोन्हीचा तोटा. वीस वर्षांचा फ्रिज गरजूला दान करण्यातही फार पुण्य नाही, कारण त्याचं बिल त्या गरजूलाच भरावं लागतं. पाच-सात वर्षांचं चालू यंत्र मात्र जरूर कुणाला द्यावं.

दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज योजना हा वेगळाच मामला. दुकानदार जुन्याचे पैसे वळते करतो, पण बहुतेक वेळा ती नव्याची सूटच वेगळ्या नावानं दिलेली असते. जुनं यंत्र चालू असेल तर जुन्या बाजारात आणि बंद असेल तर ठेकेदारामार्फत भंगारात जातं. काही कंपन्या ते खरोखर रिसायकलरकडे पाठवतात. कोणत्या, हे दुकानातला विक्रेता सांगू शकत नाही. त्यानं सांगावं असा आग्रह ग्राहकांनी धरला तर त्याला उत्तर शोधावं लागेल.

एकट्या घराच्या हातात काय आहे ते आता सांगतो. सगळ्या वस्तूंची काळजी सारखी घ्यायची नाही. फ्रिज, एसी, जुना पोटाचा टीव्ही आणि पाऱ्याचे दिवे या चार गोष्टी भंगारात देऊ नका. पंखा, इस्त्री, मिक्सर यांसाठी संकलन केंद्र जवळ असेल तर उत्तमच, पण शक्ती कुठे खर्च करायची असा प्रश्न असेल तर आधी या चौघांवर करा. फ्रिज जाईपर्यंत गॅलरीत उभा राहणार असेल तर दार काढून ठेवा, लहान मुलं आत शिरतात. नळी कापू देऊ नका. एसी काढताना मेकॅनिकला पंप डाउन करायला लावा आणि तो करेपर्यंत तिथे उभे राहा. ट्यूबलाइट अख्खी ठेवा. स्मार्ट टीव्ही देण्याआधी त्यातली आपली खाती काढून टाका.

एका फ्रिजसाठी रिसायकलर येणार नाही, वीस घरांच्या वस्तूंसाठी येईल. म्हणून हे काम सोसायटीनं करायचं. केंद्रीय मंडळाच्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळांवर नोंदणीकृत रिसायकलरांच्या याद्या आहेत. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, दसऱ्याच्या आधीचा एक रविवार ठरवा, शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना सोबत घ्या आणि यादीतल्या दोघा-तिघांना पत्र पाठवा. पत्रात भाव विचारण्याच्या आधी हे विचारा: फ्रिज-एसीतला गॅस काढायचं यंत्र तुमच्याकडे आहे का, गेल्या वर्षी किती किलो गॅस काढला आणि तो कुठे पाठवला? उत्तर लेखी मागा. जो ते देईल त्याला माल द्या, भाव थोडा कमी मिळाला तरी.